मालगाडीपर्यंतचं पाणी

१ एप्रिल १९३६, बुधवार, सकाळचे नऊ वाजून पन्नास मिनिटे; जालन्यात कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनामागून बत्तीस डब्यांची एक मालगाडी मनमाडच्या दिशेने निघून गेली. बद्रीनाथने ती पाहिली नाही. त्या वेळी तो इंजिनघरात मुख्य पट्ट्याखाली वाकून, एका बेअरिंगच्या टोपीवर उजव्या हाताची बोटे टेकवून, ते कितपत तापले आहे याचा अंदाज घेत होता. जिनाचा गदारोळ नेहमीसारखा चालू होता. पण वर्षानुवर्षे त्या आवाजात राहिल्यामुळे त्याच्या कानाला आवाजाच्या खालून ऐकण्याची सवय लागली होती, ओढ्यात उभ्या राहणाऱ्याला गढूळ पाण्यातले दगड पायानेच ओळखू यावेत तशी. फाटकाजवळ रुळांचा एक सांधा सैल होता आणि त्यावरून प्रत्येक डबा गेला की दोन ठोके पडत. थोरला भाऊ रामराव हयात असताना बाजाराला आला की मुद्दाम जिनात डोकावायचा, गाडी गेली की विचारायचा, "किती रे बद्री?" आणि बद्रीनाथने आकडा सांगितला की बाहेर जाऊन फाटकवाल्याकडून ताडून घ्यायचा. आकडा कधी चुकला नव्हता. घरात त्याचे कौतुक होते, थोडी थट्टाही होती. आज विचारणारा कोणी नव्हता, तरी बत्तीस हा आकडा डोक्यात येऊन बसला, आणि त्याच्या मागोमाग, क्षणभराने, हे लक्षात आले की ही गाडी आत्ता येण्याची नव्हे. ही साडेबाराची गाडी. ती गेली की कामगार भाकरी सोडत. त्याने बोटे तशीच ठेवली. टोपी कोमट होती, चिंतेचे काही नव्हते. गाडीला दुधनवाडीहून इथे यायला चाळीस मिनिटे लागतात. म्हणजे तिकडे नऊ वाजून दहा मिनिटांनीच गेली. म्हणजे तिकडे, त्याच वेळी, वैनीने बैल सोडले.

दुधनवाडी जालन्याच्या पूर्वेला, परतूरच्या वाटेवर, लहान लाईनीवरचे चौदा मैलांवरचे स्टेशन. रूळ पडले तेव्हा बद्रीनाथचा जन्म व्हायचा होता. आबांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, गावठाणाच्या पांढरीलगतच्या चांगल्या जमिनीतून लाईन गेली आणि स्टेशनही तिथेच बसले: एक खोली, एक पत्र्याची शेड, पाण्याचे रांजण, आणि लिंबाच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा, गाडी मागच्या स्टेशनाहून सुटल्याची वर्दी आली की तो हातोड्याने बडवायचा. फलाट म्हणावा असा नव्हताच. मुरमाचे जोते होते आणि बायका डब्यात चढताना एकमेकींना वर ओढून घेत. पुढे जालन्यात कापसाचे जिन आणि रुई दाबायचे प्रेस निघाले, तशी सकाळच्या पॅसेंजरला गर्दी होऊ लागली. दूधवाल्या, रुई दाबणारे मजूर, वकिलांचे दोन कारकून, तालुक्याच्या शाळेत जाणारी मुले, सगळे सातच्या गाडीने जात आणि संध्याकाळी सहाच्या गाडीने परत येत. बद्रीनाथ हैदराबादच्या तांत्रिक शाळेत तीन वर्षे काढून आला आणि जालन्यात मिस्त्री म्हणून लागला, तो गाव न सोडता लागला तो या दोन गाड्यांच्या भरवशावर. स्टेशनने गावाला टपाल दिले, कोयनेलच्या गोळ्या दिल्या, मुंबईच्या पेठेतले भाव दिले. पण आबांनी स्टेशनकडून जे घेतले ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. लाईनीच्या पलीकडे, सिग्नलच्या खांबाशेजारी, त्यांची विहीर उरली होती. थकल्यावर त्यांनी दोन मुलांत शेत वाटले. विहीर कशी वाटायची? गावात तेव्हा घड्याळ फक्त स्टेशनमास्तरांकडे. आबा एक दिवस विहिरीच्या काठावर बसले आणि म्हणाले, "सकाळच्या पाशिंजरपासून मालगाडीपर्यंत थोरल्याचं पाणी. मालगाडीपासून सांजच्या पाशिंजरपर्यंत धाकट्याचं. आपली जमीन घेतलीय त्यांनी. येळ आपण घेऊ."

ही वाटणी बद्रीनाथला तांत्रिक शाळेतून आल्यावर अधिकच आवडली होती. वाफेच्या इंजिनावर दोन गोळे फिरत असतात. वेग वाढला की ते वर उचलले जातात आणि वाफेचे दार आपोआप मिटते. त्यांना कोणी हुकूम देत नाही, ते कोणाचे तोंड पाहत नाहीत. आबांनी न शिकता विहिरीवर तसलेच यंत्र बसवले होते. थोरल्याच्या वाट्याला पाच तास, पण सकाळचे, थंड, आणि रात्रभरात झऱ्यांनी भरून आलेले पाणी. धाकट्याला सहा तास, पण उन्हाचे, आणि उपसून खाली गेलेले. पहाटेपासून पॅसेंजर येईपर्यंत विहीर पिण्याच्या पाण्याची. तेव्हा तिथे कोणी बैल जुंपायचे नाहीत. दोन्ही बाजूंनी कधी कुरकूर झाली नाही. गाडी लेट झाली तर एकाला जास्त, दुसऱ्याला कमी. तेही कधी इकडे, कधी तिकडे. "रेल्वेच्या मनात काय असंल ते," असे म्हणून दोघे भाऊ हसत. आणि गंमत अशी की बद्रीनाथ स्वतः ज्या गाडीत बसून कामावर जायचा, त्याच गाडीने भावाचे पाणी सुरू व्हायचे; खिडकीतून तो हात करायचा, रामराव मोटेच्या दोरावर बसून चाबूक उंचवायचा. मागच्या वर्षी माघात रामराव सात दिवसांच्या तापाने गेला. तेराव्याला पाहुणे बसले होते, तेव्हा कोणी एक मामा म्हणाले की बाईमाणूस, एक बैलजोडी, पाच तास मोट हाकणे तिला झेपायचे नाही. पाळी तीन तासांवर आणावी, उरलेले धाकट्याने घ्यावे, पाणी वाया का घालवायचे? सगळ्यांनी बद्रीनाथकडे पाहिले. तो जमिनीकडे पाहत होता. तेव्हा दाराआडून गोजरबाईचा, वैनीचा, आवाज आला, रडून बसलेला, पण सरळ: "गाडी बदलली का? मंग पाळी काहून बदलायची?" मामांनी विषय सोडला. त्या एका वाक्यावर वैनीचा संसार उभा राहिला होता.

त्या बुधवारी संध्याकाळी घरी आल्यावर त्याने काही विचारले नाही. झुंबरबाईने, त्याच्या बायकोने, ताट वाढले आणि स्वतःहूनच सांगितले, "आज मालगाडी लई जल्दी आल्ती. मी म्हणलं स्पेशल-बिशल असंल. आपला गडी म्हणला, गाडी ती गाडी. पर आपण जायच्या आधीच जाऊबाईनं बैल सोडले होते."

"काही बोलल्या?"

"काय बोलणार? त्यांचंच बोलणं हाय न्हाई का, गाडी बदलली का म्हणून." ती हसली. "आता बदलली बघा."

त्या हसण्यात दुष्टावा नव्हता, जावाजावांत चालतो तेवढाच खट्याळपणा होता, आणि तो भाकरीचा घास मोडत म्हणाला, "एखाद्या दिवसाचं असंल." दुसऱ्या दिवशी नऊ पन्नासला ती पुन्हा आली, अठ्ठावीस डबे. शुक्रवारी, आठवड्याच्या सुट्टीमुळे, कारखाना बंद. तो विहिरीवर गेला नाही, पण घराच्या ओट्यावरून धूर दिसला आणि रुळाच्या तुकड्यावरचे ठोके ऐकू आले. स्टेशनवरच्या फळ्यावर नवे वेळापत्रक पंधरा दिवसांपासून चिकटवलेले होते, त्याने ते वाचलेही होते. पण त्यात फक्त प्रवाशांच्या गाड्या. सात आणि सहा, दोन्ही जिथल्या तिथे होते. तेवढे पाहून तो निर्धास्त झाला होता. तहसिलीच्या कागदावर खुरदाद हा फसली महिना लागला होता, घरात चैत्र चालू होता, आणि रेल्वेच्या पहिल्या एप्रिलला वैनीच्या पाच तासांचे दोन तास झाले होते.

रामरावने कलमे आणली होती ती याच स्टेशनवर उतरली होती. मोसंबीची साठ कलमे, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली, गार्डाच्या डब्यातून. त्या दिवशी आकाश भरून आलेले होते, आणि रामराव एकेक जुडी अशी उतरवून घेत होता की जणू बाळंतिणीला उतरवतो आहे. स्टेशनमास्तर जगन्नाथपंत पावतीवर सही घेत म्हणाले होते, "पाटील, ज्वारीच्या मुलखात ही शौकाची झाडं कशाला?" त्यावर रामराव म्हणाला, "मास्तर, पाचव्या वर्षी याच गाडीनं पेट्या जातील. तुम्हीच पावती फाडाल." ती दोन पावसाळे आणि एक उन्हाळा जगली. हा दुसरा उन्हाळा. कलम दुसऱ्या उन्हाळ्यातून निघाले की मग त्याची फारशी काळजी नसते, एवढे बद्रीनाथलाही माहीत होते. आळ्यात आठवड्यातून एकदा पाणी भरावे लागते, आणि साठ आळी भरायला रोज पाच तास मोट चालावी लागते, तेही विहीर भरलेली असताना. दोन तासांत किती आळी भरतील याचे गणित तो दुधनवाडी ते जालना एवढ्या वेळात चार वेळा करू शकला असता. त्याने ते एकदाच केले आणि पुन्हा केले नाही. गाडी स्टेशन सोडून विहिरीजवळून जाई तेव्हा उजव्या खिडकीतून कलमांच्या रांगा दिसत. पूर्वी तो उजवीकडेच बसे. आता डब्यात शिरल्यावर पाय आपोआप डावीकडच्या बाकाकडे वळू लागले. तिकडून फक्त माळ दिसायचा, आणि माळाला काही मागायचे नव्हते.

त्याने काही वाईट केले नव्हते. हे तो स्वतःला नीट, पायरीपायरीने पटवून देई, एखादा नकाशा उलगडावा तसे. नियम आबांचा. गाडी रेल्वेची. बदल मनमाडच्या कोण्या अधिकाऱ्याचा. नियम मोडू नये असे म्हणणारी वैनीच. तिला अडचण असेल तर ती बोलेल. ती बोलत नाही, त्या अर्थी भागत असेल. इथपर्यंत आल्यावर नकाशाला एक घडी पडे आणि ती काही केल्या सरळ होत नसे. कारण वैनी बोलू शकत नाही हे त्याला ठाऊक होते. तेराव्याच्या दिवशी तिने जे वाक्य उच्चारले, त्यानेच तिचे तोंड बांधले होते. आज तिने म्हटले की गाडी बदलली तरी पाळी बदलू नका, तर उद्या मामा म्हणतील की गाडी बदलली नाही तरी पाळी बदलू या. जिला तोटा तिला नियमावर बोट ठेवता येत नाही. बोट ठेवायचे तर ते ज्याला फायदा होतो त्याने. आणि फायदा होत होता. बद्रीनाथचा अर्धा एकर ऊस दरवर्षी चैत्रात पिवळा पडायचा. यंदा तो गुडघाभर, गडद, हिरवागार उभा होता. झुंबरबाई एकदा त्याला हाताला धरून बांधावर घेऊन गेली. "पयल्यांदा पोटभर पिऊन राह्यला बघा. तुम्हाला काय झालंय पण? तोंड असं का, घरात कोणी गेल्यावानी?" तो म्हणाला, "कारखान्यात बॉयलर त्रास देऊन राह्यला." ती म्हणाली, "मंग बॉयलरचा चेहरा घरी कशाला आणता?"

बॉयलर त्रास देत नव्हता. पण त्याबद्दल जे काही चालले होते ते दुसऱ्याच कोणाच्या ध्यानात आले. बॉयलरच्या तळाशी गाळ साचतो, तो दिवसातून एकदा नळ उघडून सोडून द्यावा लागतो. त्या वेळी वाफ आणि पाणी अशा गर्जनेने बाहेर पडते की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडले तरी ऐकू येत नाही. हे काम बद्रीनाथ संध्याकाळी करीत असे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून तो ते सकाळी करू लागला. कारण विचारले तर त्याच्याकडे कारण तयार होते, तांत्रिक आणि बरोबर. कोणी विचारले नाही. पण कारखान्याचा कारकून वामन एकदा कपाशीची पोती मोजत इंजिनघराच्या दारात आला, तेव्हा नळ नुकताच बंद झाला होता आणि पांढरी वाफ अजून भिंतीवर चढत होती. वामन म्हणाला, "मिस्त्री, एक सांगू का? मी तुमच्या या फुसकाऱ्यावर माझं घड्याळ लावून राह्यलोय. दहाला बराबर दहा कमी. एक मिनिट इकडं न्हाई का तिकडं न्हाई."

"योगायोग हाय."

"योगायोग रोज येत न्हाई, साहेब. रोज येते ती मालगाडी."

वामन हसत निघून गेला. त्याच्या मनात काही नव्हते. बद्रीनाथ नळाच्या चाकावर हात ठेवून उभा राहिला. चाक तापलेले होते. हात उचलायला हवा हे त्याला कळत होते, पण थोडा वेळ त्याने तो उचलला नाही.

मे महिन्याच्या आठ तारखेला, शुक्रवारी, तो विहिरीवर गेला. निमित्त होते, गड्याने सांगितले होते की मोटेचे चाक कुरकुरते. चाकात तेल घालीत तो काठावर बसला असताना खाली मोट बुडाल्याचा आवाज आला आणि वैनीने बैलांना उतारावरून हाकले. ती बारीक झाली होती. पदर कमरेला खोचलेला, कपाळ उन्हाने काळे पडलेले, चाबूक हातात असून ती तो वापरत नव्हती. बैलांशी बोलत होती. मोट भरून वर येत होती, दोरावरून पाणी निथळत होते. तेवढ्यात सिग्नलचा हात पडला आणि स्टेशनाकडून रुळाचे ठोके ऐकू आले. ती थांबली नाही. इंजिन सिग्नलच्या खांबापाशी आले त्या क्षणी मोट काठाला लागलेली होती, आणखी एक हात ओढली की भरलेले सगळे पाणी तिच्या पाटाला गेले असते. वैनीने बैल थांबवले. खाली उतरून फावड्याने स्वतःच्या पाटाचे तोंड मातीने बुजवले, बद्रीनाथच्या पाटाचे उघडले, आणि मग परत येऊन ती मोट वर ओढली. ते पाणी त्याच्या उसाकडे गेले. डबे जात होते. त्याने मोजायचे नाही असे ठरवले, आणि एकतीस झाले.

"वैनी, ती एक मोट तुमची होती," तो म्हणाला.

"इंजिन खांबाला लागलं होतं, भावजी." तिने बैल सोडले. "मामंजीचं बोलणं तसंच होतं. इंजिन खांबाला लागलं की."

त्याला तेव्हाच बोलता आले असते. शब्द तयार होते, मोजून फार तर सहा-सात. पण झुंबरबाई गड्याला घेऊन बांधावरून येताना दिसली, बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा वाजत होत्या, आणि त्याने तेलाची बुधली उचलून चाकाला अजून तेल घातले, नको होते तरी. परतताना कलमांच्या रांगेतून जावे लागले. पाने कडेने आत वळली होती, थंडीत माणूस अंग आवळून घेतो तशी. काही फांद्यांना हात लावला तर त्या वाकल्या; काही वाकल्या नाहीत, मोडल्या. मोडल्याचा आवाज फारच लहान होता. त्या आवाजाखालून ऐकण्यासारखे काही नव्हते.

पंधरा मेला कापसाचा हंगाम संपला. शुक्रवार असूनही मालकाने त्याला सकाळी बोलावले होते, बॉयलर थंड करून उघडून तपासायचा होता. यंत्रे थांबलेली, पट्टे उतरवून भिंतीला लावलेले, मजूर गावोगाव गेलेले. एवढी शांतता त्या जागेत तो वर्षातून एकदाच अनुभवत असे. इतर वर्षी ती त्याला आवडायची. बॉयलरच्या गार पोटात अर्धे अंग घालून तो भिंतीवरचे क्षारांचे थर घासत होता. मधेच त्याला वाटले की आपण कशाची तरी वाट पाहत आहोत, आणि काय ते आठवायच्या आत शिट्टी झाली. लोखंडाच्या पोकळीत ती सर्व बाजूंनी आली. एरवी फाटकापाशी वाजणारी शिट्टी आता त्याच्या डोक्याच्या आत वाजली. मग सैल सांध्यावरचे ठोके, एकेक वेगळा, स्वच्छ, घाई नसलेला. त्याने कान झाकले नाहीत. हात गाळाने भरलेले होते एवढेच त्याला कारण नव्हते. सोडायला वाफ नव्हती, उघडायला नळ नव्हता. दीड महिना दररोज आपण नेमके काय करीत होतो हे त्याला त्या अंधारात अगदी साध्या शब्दांत दिसले: मी वैनीचे पाणी पीत होतो आणि त्या वेळी तोंडाने आवाज करीत होतो, म्हणजे मला घोटाचा आवाज ऐकू येऊ नये. तो बाहेर आला, हात धुतले, आणि रेल्वेच्या मजुरांना नेणाऱ्या दुपारच्या गाडीत, ओळखीच्या गार्डाला सांगून, त्याच्या डब्यात बसून गावी परतला.

स्टेशनवर जगन्नाथपंत टेबलावर पाय ठेवून पंख्याने वारा घेत होते. "मिस्त्री, दुपारी? घरी सगळं ठीक ना?"

"ठीक हाय, मास्तर. ती मालगाडी. ती आता कायमची नऊची का?"

"मनमाडला मोठ्या लाईनीची गाडी गाठायची म्हणून आधी केली तिला. पुढलं वेळापत्रक येईस्तोवर कायमची. रेल्वेत कायम म्हणजे तेवढंच." मग ते पाय खाली घेत हसले. "विहिरीचं म्हणता ना? वर लिहू का? 'दुधनवाडीच्या मोटेची गैरसोय होते, तरी मालगाडी पूर्ववत करावी.' माझी बदली बरीक होईल पार खाली, पाण्याच्या मुलखात."

"लिहू नका," तो म्हणाला. "मला नुसतं ऐकायचं होतं." खरे तर त्याला एवढेच पाहायचे होते की आपण कोणाला तरी हे उघड विचारू शकतो की नाही.

गोजरबाई कलमांत होती. घरातल्या भांड्यांचे, अंघोळीचे उरलेले पाणी घागरीत साठवून ती एकेका आळ्यात ओंजळीने मोजल्यासारखे ओतत होती. त्याला पाहून तिने पदर डोक्यावर घेतला. तो बांधावर उभा राहिला, आणि मोजलेल्या सहा-सात शब्दांतले पहिले तीन एकदम बाहेर आले. "वैनी, मालगाडी बदलली."

"व्हय."

"दीड महिना झाला."

"व्हय, झाला की."

"पाळी गाडीवर ठेवण्यात आता अर्थ न्हाई. बारापर्यंत पाणी तुमचं. आधी होतं तसं."

तिने घागर खाली ठेवली. मग म्हणाली, "बारा कोण सांगणार?" त्याने खिशातले घड्याळ काढून तिच्यासमोर धरले, हैदराबादेहून आणलेले, साखळीचे. "हे तुमच्या घरी ठेवा. मला कारखान्यात भिंतीवरचं हाय."

तिने ते हातात घेतले नाही, नुसते पाहिले. "माझ्या घरी ठेवलं तर झुंबर म्हणंल, बाईनं काटा मागं सारला. तुमच्या घरी ठेवलं तर मी म्हणंन, पुढं सारला. बिलकुल म्हणंन, भावजी. माझी मला खात्री न्हाई. उन्हात चार दिस काढल्यावर माणूस काय बी म्हणतंय. गाडी कुणाच्याच घरची न्हवती, म्हणून मामंजीनं गाडी धरली."

तो घड्याळ खिशात ठेवायला वळला आणि त्याची नजर सिग्नलच्या खांबावर गेली. खांबाची सावली रुळांच्या कडेने परतूरच्या बाजूला पडली होती. दुपार कलली होती. सकाळी तीच सावली जालन्याच्या बाजूला असते. हे पाचवीच्या पोराला माहीत असते, तांत्रिक शाळेत तर त्यावर एक अख्खा धडा होता. दीड महिन्यात तो या खांबाजवळून रोज दोनदा गेला होता. "वैनी," तो म्हणाला, "खांब तर कुणाच्या घरचा न्हाई ना? त्याची सावली जालन्याकडं असेपर्यंत पाणी तुमचं. परतूरकडं वळली की आमचं. आभाळ आलं तर मोटेचं काम न्हाई."

गोजरबाईने खांबाकडे पाहिले, मग सूर्याकडे डोळे बारीक करून, मग पुन्हा खांबाकडे. जणू काही आबाच तिथे उभे होते आणि ती त्यांना विचारत होती. "झुंबरला तुम्ही सांगणार का मी?"

"मी सांगतो."

"मंग चालतंय," ती म्हणाली आणि घागर उचलली.

झुंबरबाईला सांगणे सोपे गेले नाही. ती म्हणाली की बायकोचा ऊस वाळवून भावजयीची मोसंबी पिकवणारा हा पहिलाच मिस्त्री. मग म्हणाली की आबांचा शब्द मोडायचा तर निदान पंचांना विचारा. मग, बऱ्याच वेळाने, चूल विझवता विझवता म्हणाली, "तुम्हाला पयल्या दिवसापासूनच माहीत होतं न्हाई का?" तो हो म्हणाला. त्यानंतर तिने उसाचा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बद्रीनाथ खांबाच्या पायाशी उत्तर-दक्षिण असा चुन्याचा पट्टा ओढायला गेला. सांधेवाला कडूबा, जो सिग्नलचा दिवा लावी आणि जाणाऱ्या इंजिनाला पुढची लाईन मोकळी असल्याचा, कड्यात अडकवलेला गोळा देई, कुतूहलाने येऊन उकिडवा बसला. हे दिवस असे होते की सूर्य डोक्यावर आला की सावली पार खांबाच्या पायात शिरायची. दोघेही वाट पाहत बसले. बद्रीनाथच्या मनात एक हिशेब आला: सूर्याचे बारा रेल्वेच्या बारांनंतर वीस-बावीस मिनिटांनी वाजतात; तेवढे पाणी वैनीच्या बाजूला अधिक जाईल. तो हिशेब त्याने कोणाला सांगितला नाही.

"गेली बगा पायात," कडूबा म्हणाला. "मिस्त्री, तुमी लई उशीर केला पण. बाईनं पयल्याच दिवशी मला विचारलं होतं."

"काय विचारलं?"

"पयल्या दिवशी गाडी अशी भलत्या टायमाला गेली ना, तवा बाई या खांबाजवळ आल्त्या. म्हणल्या, कडूबा, ही रोज येणार का? मी म्हणलं, व्हय, फर्मान आलंय. म्या म्हणलं, मिस्त्रीच्या कानावर घालू का? तर हसल्या. म्हणल्या, काही नगं. भावजीचे कान लई तेज. गिरणीत बसून डबे मोजतात. आपण सांगायच्या आधीच त्यांना कळलं असंल." कडूबाने तंबाखू चोळली आणि चुन्याकडे पाहिले. "थोडा मला द्या ह्यातला."

बद्रीनाथने त्याला चुना दिला. पट्टा सरळ ओढला होता. त्याने उगाच तो दोनदा पाहिला. विहिरीवर मोट अजून चालू होती, वैनी बैलांशी बोलत होती, शब्द कळत नव्हते. मग सावलीचे टोक पट्ट्याच्या परतूरकडच्या बाजूला एक बोटभर आले, आणि मोटेचा आवाज बंद झाला.

पावसाळा लागून सगळी झाडे एकदा फुटल्यावर, आषाढाच्या एका शुक्रवारी, तो कलमांत गेला आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत चालला. या वेळी त्याने डोळ्यांनी मोजले. साठपैकी अडतीस जगली होती.